धुंधुरमास, मँचेस्टर आणि एक चेटकीण

"मी किचन विच आहे," असं आमच्या टेस्ट लीडने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो. ऑनसाईट आल्यापासून ही सवयच लागलीय, विनोद कळला नाही की हसून मोकळं व्हायचं. पण तो विनोद नव्हता. तिच्या घरी २१ डिसेंबरला ‘सोल्स्टिस सपर’ असतं, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाचं जेवण, आणि त्याचं मला आमंत्रण होतं. सोबत एक प्रश्न, "तू काय काय खात नाहीस?"

ही गोष्ट २०२४ची. २१ डिसेंबर शनिवारी आला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी स्टँडअपची भानगड नव्हती. ज्यांनी मँचेस्टरचा डिसेंबर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी आकडेवारी: सूर्य सकाळी ८:२०च्या सुमाराला उगवतो आणि दुपारी (हो, दुपारीच म्हणायचं) ४ वाजायच्या आत मावळतो. जेमतेम साडेसात तासांचा दिवस. त्याच दिवशी पुण्यात जवळपास ११ तासांचा असतो. आणि हे साडेसात तासही कागदोपत्री, कारण ढगांच्या मागे सूर्य आठवडा-आठवडा रजेवर असतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्या वर्षी मला वाटायचं आपल्याला थायरॉईड वगैरे झालाय. (रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाला, व्हिटॅमिन डी घे आणि उन्हात फिरत जा. कुठल्या उन्हात ते नाही म्हणाला.)

तर अशा संध्याकाळी, म्हणजे खरं तर साडेचारला, तिच्या घरी पोहोचलो. दार उघडलं आणि पहिला धक्का वासाचा बसला. शेगडीवर एका पातेल्यात पाणी मंद उकळत होतं आणि त्यात संत्र्याच्या चकत्या, दालचिनी, लवंगा, रोजमेरी आणि तमालपत्र. प्यायचं नाही, खायचं नाही, नुसतं घरभर वास पसरायला ठेवलेलं. मला क्षणभर कुणाच्या तरी लग्नातल्या मसालेभाताच्या पंगतीत उभा असल्यासारखं वाटलं. मी तिला म्हटलं, तू हंगामी आणि स्थानिक म्हणतेस, पण यातली दालचिनी श्रीलंकेकडची, लवंगा हिंदी महासागराच्या कुठल्या तरी बेटावरच्या, संत्री बहुतेक स्पेनची. इथली फक्त रोजमेरी. ती म्हणाली, "आणि थंडी. थंडी इथलीच आहे." हे मान्य करावं लागलं.

जेवण मात्र अस्सल इथलं. भाजलेले पार्सनिप (पांढरं गाजर समजा, चव गाजर आणि रताळं यांच्या मधली), बीट, लाल कोबी सफरचंद आणि व्हिनेगर घालून तासभर शिजवलेला, चेस्टनट, लीक आणि बटाट्याचं सूप, मधोमध सूर्यासारखा गोल पाव. माझ्याकडे सूप ढवळायचं काम आलं. मी आपला ढवळतोय, तर तिने थांबवलं. उलटं नाही, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ढवळ. तसं ढवळलं की जे हवंय ते घरात येतं, उलटं ढवळलं की जातं. लीकच्या सूपमधून काय येणार आणि काय जाणार, पण मुकाट्याने दिशा बदलली. नंतर कळलं की इथली ख्रिस्ती घरंसुद्धा ख्रिसमस पुडिंग पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळतात आणि घरातला प्रत्येक जण एकेकदा चमचा फिरवून मनात इच्छा धरतो. म्हणजे वेड दोन्हीकडे सारखंच, नाव वेगळं.

जेवण झाल्यावर दिवे घालवले. एक मेणबत्ती. प्रत्येकाला एक वाळकं तमालपत्र आणि पेन. सरत्या वर्षातलं जे मागे टाकायचंय ते पानावर लिहायचं आणि बिडाच्या तव्यात जाळायचं. बाकीच्यांनी काय लिहिलं माहीत नाही, एक जण रडला. मी आमच्या डेटाबेस मायग्रेशनचं नाव लिहिलं. पान झकास जळलं. मायग्रेशन अजून चालू आहे :-)

घरी परतताना ट्राममध्ये बसल्या बसल्या डोक्यात एकच विचार, की हे तर सगळं आजी करायची.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याचं ठिकाण. सूर्य धनु राशीत असतो तो महिना, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, म्हणजे आमच्याकडचा धुंधुरमास. त्यातल्या एखाद्या रविवारी तरी आजी पहाटे चारला उठायची, आणि साडेसहाला आम्हा पोरांना गोधडीतून ओढून काढायची. उगवत्या सूर्याला नैवेद्य आणि त्याच पावली जेवण. पहाटेचं जेवण! तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी, वांग्याचं भरीत, गूळ आणि लेकुरवाळी भाजी. ही भाजी म्हणजे गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, वांगी, बोरं, शेंगदाणे, जे जे त्या वेळी मळ्यात आणि बाजारात आहे ते सगळं एका कढईत. पुढे भोगीला पुन्हा हेच. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ हे ऐकवत आजी ती बोरं आमच्या ताटात वाढायची आणि आम्ही ती ताटाच्या कडेला लावून ठेवायचो.

मोठेपणी ‘बाजरी उष्ण, तीळ उष्ण’ या स्पष्टीकरणाचा मला कंटाळा यायला लागला. माझं आपलं साधं म्हणणं असं की तो मेनू म्हणजे त्या महिन्यातला घरातला स्टॉक आहे. बाजरी आणि तीळ खरिपाचे, दिवाळीपर्यंत घरात आलेले. उसाची गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास सुरू, म्हणून नवा गूळ. पावटा, सोलाणे, बोरं ही त्याच दिवसांची. कुणी ऋषींनी बसून ठरवलं नसेल, कणगी आणि मळा यांनी मिळून ठरवलं. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट जास्त आवडतं.

मजा म्हणजे उत्तरायणाचा खरा दिवस, २१-२२ डिसेंबर, या धुंधुरमासात पडतो. आपण मात्र तो संक्रांतीला साजरा करतो, तब्बल २४ दिवस उशिरा. कारण इंजिनिअरला आवडेल असं आहे. आपली संक्रांत ताऱ्यांवरून मोजलेली. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे तारे आणि ऋतू यांच्यात साधारण ७२ वर्षांत १ दिवसाचा फरक पडत जातो. इ.स. ३००च्या आसपास दोन्ही दिवस एकत्र होते. नंतर ऑफसेट वाढत गेला, आणि चालू सिस्टीमला हात कोण लावणार? दर काही दशकांनी तारीख एक दिवस पुढे, सण तोच. जुन्या कोडचा याहून सुंदर नमुना मी पाहिलेला नाही.

हे मी सोमवारी आमच्या टेस्ट लीडला सांगितलं तर ती खूश. ती मूळची सॉमरसेटची, सफरचंद आणि सायडरचा मुलूख. तिकडे कारहॅम्प्टन गावात ‘वॅसेल’ होतं, म्हणजे भर हिवाळ्यात सफरचंदाच्या बागेत जाऊन झाडांना गाऊन जागं करायचं, मुळांशी सायडर ओतायची, फांदीला भाजलेल्या पावाचे तुकडे अडकवायचे आणि भुतं पळवायला बंदुकीचे बार काढायचे. हे १७ जानेवारीला करतात. का, तर १७५२ साली ब्रिटनने कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, ११ दिवस गायब. तिथल्या शेतकऱ्यांनी ते काही मनावर घेतलं नाही. जुन्या हिशेबाने जी रात्र होती तीच धरून बसले. कारण वेगळं, पण दुखणं आमच्या संक्रांतीचंच. आम्ही दोघं कॉफी मशीनपाशी अर्धा तास उभे होतो.

इथवर सगळं गोड आहे आणि इथेच थांबलो असतो तर हा लेख पाककृतींच्या पुरवणीत खपला असता.

खटकलं ते तिच्या स्वयंपाकघरातल्या एका पाटीने. ‘इथे चेटकीण राहते’ अशा अर्थाची, लाकडी, झाडूचं चित्र असलेली. भेटवस्तूंच्या दुकानात मिळते तशी. ती पाटी मला चेष्टेची वाटेना आणि का वाटेना ते कळायला दोन-तीन दिवस लागले.

आता तिची बाजू आधी सांगतो, कारण ती पोकळ नाही. ‘हा आमचा हजारो वर्षांचा धर्म’ वगैरे ती म्हणत नाही. तिला नीट माहीत आहे की आजचा विक्का पंथ विसाव्या शतकातला. इंग्लंडमध्ये जादूटोण्याचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम्स अधिकाऱ्याने पुस्तक काढलं, तिथून ही मंडळी उघडपणे बोलायला लागली. वर्षाचे आठ सणही तेव्हाच एकत्र बांधले गेले. ब्रिस्टॉलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९च्या पुस्तकात हे सगळं तपशिलात मांडलंय आणि गंमत म्हणजे यातली बरीच मंडळी ते आदराने वाचतात. तिचं म्हणणं वेगळं आहे. मँचेस्टरच्या उत्तरेला तास-दीड तासाच्या अंतरावर पेंडल टेकडी आहे. १६१२ साली त्या भागातल्या १० जणांना चेटूक केल्याच्या आरोपावरून फाशी दिलं, बहुतेक बायका, त्यातल्या काही भीक मागून किंवा झाडपाल्याची औषधं देऊन पोट भरणाऱ्या. "ज्या शब्दाने त्यांना मारलं, तो मी दारावर लावते," ती म्हणाली. यावर मी काय बोलणार?

पण माझ्याकडेही एक गोष्ट होती. ती मी तिला त्या दिवशी नाही सांगितली, मार्चमध्ये सांगितली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू राहायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शिवणकाम करायच्या. शेजारच्या घरात दोन वर्षांत दोन तान्ही मुलं दगावली आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. कुणी मारलं नाही, घर जाळलं नाही, तसं काही नाही. फक्त एक नियम आला: त्यांच्या हातचं खायचं नाही. आम्हा मुलांना तो नियम ‘रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ’ इतक्याच साधेपणाने सांगितला गेला. हळदीकुंकवाला त्या विधवा म्हणून आधीच नव्हत्या, आता वाटीभर भाजीची देवाणघेवाणही बंद.

२००६ची संक्रांत. मी नऊ वर्षांचा. सगळ्या गल्लीत तिळगूळ वाटत फिरत होतो. त्या दारात उभ्या होत्या. मला हाक मारली, माझ्याकडचा तिळगूळ घेतला आणि डब्यातला एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मी चार पावलं गेलो आणि तो गटारात टाकला. मागे वळून बघितलं तर त्या अजून दारातच होत्या. त्यांनी पाहिलं. काही म्हणाल्या नाहीत.

आणि हाच मी, स्वतःहून स्वतःला चेटकीण म्हणवणाऱ्या बाईच्या घरी दोनदा सूप मागून घेतो.

मला वाटतं चेटूक आणि स्वयंपाकघर यांचं नातं आपल्याकडे असं आहे. तिकडे चेटकीण म्हणजे जिच्या हातचं खायला लोक बोलावल्यावर येतात. आपल्याकडे चेटकीण म्हणजे जिच्या हातचं कुणी खात नाही. करणी करते म्हणे, लाडवातून, सुपारीतून, लिंबातून. सातपुड्यात आजही ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. झारखंडला २००१ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते असं पसरवणं हा त्यात गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा. आमच्या गल्लीत तेव्हा हा कायदा असता तरी तक्रार कोण करणार होतं? लाडू न खाणं हा काही गुन्हा नाही.

आजीच्या बाबतीतही मला इथे जरा अडखळायला होतं. पहिल्या रात्री ट्राममध्ये मी मनातल्या मनात जुळवत होतो, तमालपत्र जाळणं म्हणजे आपली दृष्ट काढणं. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून विस्तवात टाकायच्या, ठसका नाही आला तर ‘बघ, केवढी लागली होती’. किती सारखं! पण सारखं नाहीये ते. तमालपत्रावर तुम्ही स्वतःचं काहीतरी लिहिता. दृष्ट काढली की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कुणाची लागली? आणि त्या प्रश्नाला गल्लीत कुणीतरी एक उत्तर लागतं. ते बहुतेक वेळा एकट्या बाईचं घर असतं. आजी प्रेमळ होती, माझी दृष्ट तिने शंभरदा काढली असेल आणि मला ते आवडायचं. आणि हातचं न खायचा नियम मला सांगितला तोही तिनेच.

गेल्या ऑक्टोबरात पुण्यातल्या एका मैत्रिणीने मला रील पाठवलं. बाणेरमधला चकचकीत ओटा, मातीचे दिवे, दालचिनीच्या काड्या, ‘देसी किचन विच’. खाली तिचा मेसेज, "आपणही हा शब्द परत मिळवला पाहिजे यार." तिच्याशी मी फोनवर भांडलो. माझं म्हणणं असं, इंग्लंडमध्ये शेवटच्या फाशीला सव्वातीनशेहून जास्त वर्षं झाली. शब्द थंड झालाय, त्याची पाटी करून भिंतीवर लावता येते. आपल्याकडे तो अजून तापलेला आहे. तो परत मिळवायचा हक्क असलाच तर नंदुरबारच्या पाड्यावरच्या त्या बाईचा किंवा आमच्या काकूंचा. टू बीएचकेमध्ये दालचिनी उकळणाऱ्या आपल्यापैकी कुणावर कधी कुणी तो फेकलाय? मैत्रीण म्हणाली तू फार सीरियस झालायस, तिकडे ऊन नाही म्हणून. असेलही.

याचा अर्थ मी दालचिनी उकळायच्या विरुद्ध आहे असा नाही. उलट. वर्षातला सगळ्यात लहान दिवस ओळखून त्या दिवशी मुद्दाम काहीतरी शिजवणं, दिवे घालवणं, चार माणसं बोलावणं, यासारखं शहाणपण नाही. इथे राहून मला हे पटलंय की अंधार ही खरोखरची, शरीराला लागणारी गोष्ट आहे आणि त्याच्यावर ॲप नाही. फक्त त्या पातेल्यातून काही ‘येतं’ किंवा कुणाचं काही ‘जातं’ असं मी म्हणणार नाही. वास येतो. माणसं येतात. मला तेवढं पुरतं.

परवाचा २१ डिसेंबर, २०२५चा, रविवारी आला. या वेळी मी बोलावलं, आणि रात्री नाही, पहाटे. इथे धुंधुरमासाची एक मोठी सोय आहे मंडळी, सूर्यच मुळात ८:२०ला उगवतो, त्यामुळे सहाला उठलं तरी आजीची बरोबरी होते! रशोमच्या दुकानातून बाजरीचं पीठ आणि फ्रोझन पावटा आणला. बोरं मिळाली नाहीत, त्याऐवजी आंबट सफरचंदाच्या फोडी घातल्या. वांगं होतं. गाजराबरोबर पार्सनिपही ढकललं आणि सांगायला आनंद होतो की पार्सनिपला गोडा मसाला फार मानवतो. भाकरीचं विचारू नका. पीठ जुनं असलं की बाजरी तुटते हे आईने फोनवर सांगितलं, पण तोवर तीन भाकऱ्यांचे नकाशे झाले होते. चौथीला गरम पाण्याने उकड काढली तेव्हा कुठे गोल आली. टेस्ट लीडने लोणी आणलं होतं, घरी घुसळलेलं. भाजी ढवळायला तिला दिली. तिने कुठल्या दिशेने ढवळली ते मी बघितलं नाही.

उगवता सूर्य वगैरे काही दिसला नाही. काळ्याचं करडं झालं, एवढंच. सहा जण खिडकीशी ताटं घेऊन उभे होते.

दुपारी आईला व्हिडिओ कॉल केला, फोटो दाखवले. बोलता बोलता विचारलं, "त्या टोकाच्या काकूंचं काय झालं गं?" २०१९ मध्येच गेल्या म्हणे. शेवटी पुतण्या येऊन घेऊन गेला होता. मग आई म्हणाली, "लाडू मात्र छान करायच्या. सुंठ घालायच्या जरा जास्त."

"तुला कसं माहीत?"

आई काही बोलली नाही. मग म्हणाली, भाकरीला पाणी कडकडीत घेत जा.

संक्रांत १४ जानेवारीला आहे, वॅसेल १७ला. सॉमरसेटला जायचं ठरलंय, तिकिटं काढलीत. सोबत तीळ-गुळाचे लाडू नेणार आहे. तीळ आणलेत, चिकीचा गूळ मिळाला, सुंठ रशोमच्याच दुकानात मिळेल.